आधी पुरवठादाराकडे जा, निविदा नंतर लिहा

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"मी बारा वर्षं सॉफ्टवेअरच्या बॅकएंडमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या यंत्रणांवर, आहे, त्यातली शेवटची तीन एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणून. काम वाईट नाही, पण मन रमत नाही. सार्वजनिक वाहतुकीचं मला पहिल्यापासून वेड, आणि योगायोगाने दोन जागा समोर आल्या आहेत. एक, बस-मेट्रोच्या तिकीट यंत्रणा बनवणारी कंपनी. पगार जवळपास आताचाच. दुसरी, एका परिवहन संस्थेचा तंत्रज्ञान विभाग. पगार बराच कमी, काम निविदा लिहिण्याचं आणि पुरवठादारांवर देखरेखीचं. मित्र म्हणतात, कुठेही गेलास तरी गंजशील. माझे प्रश्न तीन. तिथे आर्किटेक्टला खरं काम असतं की नुसते चौकोन आणि बाण काढायचे? यातली कुठली जागा घेऊ? आणि पाच-सात वर्षांनी बाहेर पडावंसं वाटलं तर मला कोण विचारेल? ता. क. रेल्वे सिग्नलिंगचा एखादा कोर्स करून ठेवू का?
– वेळापत्रकवेडा"

श्रीयुत वेळापत्रकवेडे,

तिकीट कंपनीची जागा घ्या. एक अट आहे, ती पुढे सांगते. आणि ता. क.चं उत्तर आत्ताच देऊन टाकते: नको. सिग्नलिंग हे वेगळंच घराणं आहे. तिथलं सॉफ्टवेअर ईएन ५०१२८ (आता त्याच्या जागी ईएन ५०७१६) सारख्या युरोपीय मानकांखाली लिहिलं जातं, प्रत्येक बदलाचा सुरक्षेचा पुरावा द्यावा लागतो, स्वतंत्र तपासनीस तो पारखतात. ज्यांनी त्यात उमेदवारी केली आहे त्यांना त्याची गोडी असते. तुमच्या बारा वर्षांचा तिथे फारसा उपयोग होणार नाही, आणि चार दिवसांच्या कोर्सवर तिथे कोणी दारात उभं करत नाही.

आता गंजण्याचं बघू. मित्रांनी या क्षेत्राचं बाहेरचं रूप पाहिलं असणार: जुनाट वेबसाइट, थांब्यावरचा बंद पडलेला फलक, वर्षानुवर्षं रेंगाळणारी कामं. ते सगळं खरं आहे. पण आत काय शिजतं ते त्यांना दिसलेलं नाही.

एका प्रवाशाचा एक दिवस घ्या. सकाळी तो बसमध्ये चढतो आणि बँकेचं कार्ड रीडरला टेकवतो. त्या जागी नेटवर्क नाही. असतं तरी बँकेला विचारून उत्तराची वाट बघत बसायला वेळ कुठे आहे? लंडनने आपल्या गेटसाठी अर्ध्या सेकंदाची मर्यादा धरली होती, कारण त्याहून उशीर झाला की मागच्यांचा लोंढा अडतो. म्हणून रीडर कार्ड अस्सल आहे का ते तपासतो, स्वतःजवळच्या नकार-यादीत ते नाही ना ते बघतो आणि माणसाला आत घेतो. टॅपची नोंद यंत्रातच पडून राहते. तासाभराने हाच माणूस मेट्रोत शिरतो. तिथलं गेट कायम जोडलेलं, त्यामुळे दुसरा टॅप मध्यवर्ती यंत्रणेत आधी पोचतो, बाहेर पडतानाचा तिसरा त्याच्या पाठोपाठ. आणि पहिला? तो येतो रात्री, बस आगारात जाऊन वायफायला लागल्यावर.

आता सांगा, भाडं किती? बसमधून मेट्रोत बदलल्याची सवलत आहे. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. शिवाय संध्याकाळी तो एका स्टेशनातून बाहेर पडताना टॅप करायला विसरला आहे, त्यामुळे तो प्रवास अर्धवट लोंबकळतोय. रात्री उशिरा आलेला सकाळचा टॅप सगळ्या साखळीचा हिशेब बदलतो. म्हणजे भाडं प्रवासाच्या क्षणी ठरतच नाही, दिवसाचा हिशेब बंद करताना ठरतं. दिवस बंद कधी करायचा? लवकर केलात तर उशिरा आलेल्या टॅपचं वेगळं बिल लागेल आणि तक्रार येईल, ती रास्तही असेल. उशिरा केलात तर बँकेकडे वसुली उशिरा जाईल, खात्यात पैसे नसलेली कार्डं नकार-यादीत उशिरा येतील आणि तोवर लोक फुकट फिरतील. लंडनचा भाड्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, कारण तेव्हा वर्दळ सगळ्यात कमी. पण त्यानंतरही एखादी बस दोन दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली आणि तिच्यातले टॅप परवा आले तर? याचं उत्तर कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये सापडत नाही. त्यात महसूल आहे, ग्राहकाचा हक्क आहे, बँकेचे नियम आहेत, आणि शेवटी ते उतरवायचं कोडमध्ये, म्हणजे तुम्ही. चौकोन-बाणवाल्यांचं हे काम नाही.

या क्षेत्राची गेली वीस-बावीस वर्षं एका ओळीत सांगायची तर अक्कल कार्डातून निघून मागच्या यंत्रणेत गेली. हाँगकाँगचं ऑक्टोपस हे तिकीट कार्ड १९९७ चं, लंडनचं ऑयस्टर २००३ चं. दोन्हीकडे शिल्लक कार्डावरच लिहिलेली, आणि रीडरनेच तिथल्या तिथे ती कापायची. नेटवर्क नसलं तरी गाडं अडत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की कार्डाची तटबंदी फुटली की सगळंच उघडं पडतं. २००८ साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी मायफेअर क्लासिक या चिपचं कूटलेखन मोडून दाखवलं. चिप बनवणारी कंपनी त्यांचा शोधनिबंध थांबवायला कोर्टात गेली आणि हरली. ती चिप तोवर जगभरच्या तिकीट कार्डांमध्ये बसलेली होती, ऑयस्टरमध्येही. लाखो लोकांच्या खिशातलं कार्ड एका रात्रीत बदलता येत नाही. तिथून पुढे अनेक संस्थांचा विचार बदलत गेला: कार्ड ही फक्त ओळख, हिशेब मागे. लंडनने डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत बँकेची कार्डं घ्यायला सुरुवात केली. वर सांगितलेला टॅपचा घोळ हे त्याच निर्णयाचं अपत्य.

तुम्हाला हे का ऐकवते आहे? उशिरा येणाऱ्या घटना, क्रम बिघडलेले संदेश, तोच टॅप दोनदा पोचणं, मधूनच तुटणाऱ्या जोडण्या, हजारो यंत्रांवर एकाच वेळी पोचवायचे बदल: यातलं बरंचसं तुमच्या हाताखालून गेलेलं आहे. फरक एवढाच की तुमच्या दुकानात ऑर्डर अडकली तर ग्राहक वेबपान पुन्हा उघडून बघतो. इथे प्रवासी बसच्या पायरीवर उभा आहे आणि चालक त्याच्याकडे बघतो आहे.

यंत्रांवरच्या बदलांविषयी जरा जास्त सांगते, कारण बाहेरून येणारे हुशार लोक नेमके इथे तोंडघशी पडतात. भाड्याचा तक्ता, नकार-यादी, स्टेशनांची यादी हे सगळं रीडरवर आधीच पाठवून ठेवलेलं असतं. जुलै २००८ मध्ये लंडनमध्ये दोन आठवड्यांत दोनदा चुकीचे तक्ते रीडरवर गेले. पहिल्या वेळी हजारो कार्डं बाद झाली आणि बदलून द्यावी लागली. दोन्ही वेळा गेट उघडी टाकून लोकांना फुकट सोडावं लागलं. कोडमध्ये दोष नव्हता, दोष डेटात होता. म्हणून इथे तक्त्याचं प्रकाशन हे सॉफ्टवेअरच्या प्रकाशनाइतक्याच काटेकोरपणे करतात: आधी प्रयोगशाळेतला रीडर, मग एक आगार किंवा एक स्टेशन, मग बाकीचे, आणि प्रत्येक तक्त्यावर 'अमुक तारखेच्या अमुक वेळेपासून लागू' असा शिक्का. तो शिक्काही रीडरच्या घड्याळावर अवलंबून असतो. बसमधलं घड्याळ भरकटलं की भाडं भरकटलं.

आता सहीला जागून वेळापत्रकाकडे. शेवटची बस मध्यरात्रीनंतर दीड वाजता थांब्यावर येते. ती कुठल्या दिवसाची? संगणकाला वाटतं उद्याची. वाहतुकीच्या माणसाला विचारा, तो म्हणेल आजचीच, कारण चालकाची ड्यूटी आजची, गाडी आज बाहेर पडली, आणि शनिवारी रात्रीची शेवटची बस रविवारच्या वेळापत्रकावर धावत नाही. वेळापत्रक देवाणघेवाणीच्या जीटीएफएस या स्वरूपात ही वेळ सरळ २५:३०:०० अशी लिहितात. त्याहून गंमत पुढे आहे. या स्वरूपातली वेळ मध्यरात्रीपासून मोजतच नाहीत. ती 'दुपारचे बारा वजा बारा तास' या बिंदूपासून मोजतात. एरवी तो बिंदू मध्यरात्रच असतो, पण ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळं पुढे-मागे करतात तिथे वर्षातून दोन दिवस तो तासाने सरकतो. हे न वाचता वेळेचा कॉलम डेटाबेसच्या साध्या 'टाइम' प्रकारात कोंबणारे अनुभवी लोक मी पाहिले आहेत. चोवीसच्या पुढचा आकडा आला की माहितीची आयात कोसळते, मग कोणीतरी चोवीस वजा करून 'दुरुस्त' करतो आणि रात्रीच्या सगळ्या बस एक दिवस आधी धावायला लागतात. कागदावर अर्थात.

जीटीएफएसचा जन्म २००५ सालचा, अमेरिकेतल्या पोर्टलंडची परिवहन संस्था ट्रायमेट आणि गूगल यांच्या सहकार्यातून झालेला. एका झिप फाइलमध्ये स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फाइली, बस. युरोपात ट्रान्समॉडेल नावाचं भलंमोठं संकल्पनात्मक प्रारूप आहे. त्यावर आधारलेलं नेटेक्स वेळापत्रकांसाठी आणि सिरी प्रत्यक्ष वेळेच्या माहितीसाठी. जीटीएफएस एका दुपारी समजतं, ट्रान्समॉडेल समजायला वर्ष लागतं. तुम्ही दोन्ही शिका, पण उलट्या वाटेने: आधी जीटीएफएसवर हात चालवा, आणि 'हे यात बसत नाही' असं वाटायला लागलं की ट्रान्समॉडेल उघडा. प्रवाशाला लागतं तेवढंच जीटीएफएसमध्ये आहे. गाडीचा दिवसभराचा ब्लॉक, म्हणजे तिने ओळीने करायच्या फेऱ्या, त्यात जेमतेम एका खुणेपुरता येतो, चालकाची ड्यूटी तर त्यात नाहीच. एक फेरी रद्द झाली की तिच्यामागून त्याच गाडीच्या आणि त्याच चालकाच्या चार फेऱ्या का कोलमडतात, हे समजायला ती दुसरी दुनिया लागते.

गमतीसाठी म्हणून रॅप्टर हे प्रवासाचा मार्ग शोधणारं अल्गोरिदम वाचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेलं. आलेखावरच्या नेहमीच्या लघुतम मार्गाऐवजी ते फेऱ्याफेऱ्यांनी चालतं: पहिल्या फेऱ्यात एका गाडीने कुठे पोचाल, दुसऱ्यात दोन गाड्यांनी, असं. वेळापत्रकाला आलेख समजायचा आग्रह सोडला की काम किती सोपं होतं, याचा इतका सुरेख नमुना दुसरा नाही. ओपनट्रिपप्लॅनर या मुक्त प्रकल्पाच्या आतही आता तीच कल्पना आहे. नोकरीत याची गरज क्वचितच पडेल, पण मन लागेल.

नोकरीत रोज जे लागेल ते बरंच रुक्ष आहे: ओळख-क्रमांक. कुठल्याही जुन्या परिवहन संस्थेत एकाच थांब्याला वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक क्रमांक असतो, तिकीट यंत्रात दुसरा, फलकांच्या यंत्रणेत तिसरा, आणि खांबावर रंगवलेला चौथा. शिवाय रस्त्याच्या दोन बाजूंचे थांबे एक मानायचे की दोन, यावर प्रत्येक विभागाचं मत वेगळं आणि प्रत्येकाचं त्याच्यापुरतं बरोबर. नॉर्वेत एंटूर या सरकारी कंपनीने देशभरच्या थांब्यांची एकच नोंदवही केली, म्हणून तिथे पुढची कितीतरी कामं सोपी झाली. बाकी ठिकाणी तुम्हाला जुळवण्यांचे तक्ते सांभाळावे लागतील.

फेरीच्या क्रमांकाचंही तेच. 'ॲपमध्ये बस दिसतच नाही' अशी तक्रार येते, सगळे जीपीएसला शिव्या घालतात. जीपीएस ठणठणीत असतं. घडलेलं असतं असं: रात्री वेळापत्रक नव्याने निर्यात झालं, निर्यात करणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळ्या फेऱ्यांना नवे क्रमांक दिले, आणि प्रत्यक्ष वेळेची फीड, म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे ते कळवणारा माहितीचा ओघ, सकाळी जुन्याच क्रमांकांनी बोलत राहिली. दोघांचा सूर जुळला नाही की ॲप मुकाट्याने वेळापत्रकातली वेळ दाखवतं, बस आलीच नाही तरी. फेरीचा क्रमांक निर्यातीगणिक बदलणार नाही, हा नियम घालून घेणं आणि दोन पुरवठादारांकडून तो पाळून घेणं, एवढं केलंत तरी प्रवाशाच्या दृष्टीने तुम्ही वर्षभराचं काम केलंत. बढतीच्या अर्जात मात्र हे चमकत नाही, तेही सांगून ठेवते.

आता दोन जागांपैकी कोणती. परिवहन संस्थेतलं काम शेवटी जास्त मोलाचं आहे असं माझं मत आहे, आणि म्हणूनच तिथे आत्ता जाऊ नका. निविदा लिहिणाऱ्याच्या एका वाक्याने पुढची दहा-पंधरा वर्षं बांधली जातात. बस एकदा घेतली की तिचं आयुष्य संपेपर्यंत तिच्यातली यंत्रं ओढावी लागतात, आणि गेट त्याहूनही जास्त. ज्याने कधी अशी यंत्रणा उभी करून चालवलेली नाही तो निविदेत लिहितो, 'प्रणाली लवचिक, सुरक्षित व भविष्यवेधी असावी.' पुरवठादार हसत हसत 'मान्य' अशी खूण करतो, कारण या वाक्याचा भंग करणंच शक्य नाही.

पोळलेला माणूस काय लिहितो ते बघा: प्रत्येक गाडीचं स्थान, ठरलेल्या सेकंदांच्या आत, आमच्या मालकीच्या सर्व्हरवर, सिरी किंवा जीटीएफएस-रिअलटाइम या स्वरूपात, कसलीही गाळणी न लावता, सगळा इतिहास आमचा, करार संपल्यावर तो अमुक दिवसांत अमुक स्वरूपात हातात, कार्डाच्या कूटलेखनाच्या गुप्त किल्ल्या पहिल्या दिवसापासून आमच्या ताब्यात, आणि तिसऱ्या कंपनीचा रीडर जोडायचा झाला तर लागणारी जोडणीची कागदपत्रं कराराचाच भाग, वेगळ्या मोबदल्याविना. यातलं किल्ल्यांचं कलम सगळ्यात आधी विसरलं जातं आणि सगळ्यात महाग पडतं. किल्ल्या पुरवठादाराकडे राहिल्या तर संस्थेला त्याला सोडता येत नाही, त्याचं काम कितीही रडतखडत चाललेलं असो. ही कलमं मी इथे तुम्हाला देऊ शकते, तुम्ही ती उतरवूनही घ्याल. पण वाटाघाटीच्या टेबलावर पुरवठादाराचा माणूस म्हणाला, 'हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, साहेब,' तर तो खरं बोलतोय की किंमत वाढवतोय हे ओळखायला तुम्ही स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसलेले असायला हवे.

तेव्हा आधी कंपनी. अट अशी, की तुम्हाला एक यंत्रणा सुरू होताना आणि सुरू झाल्यानंतर निदान वर्षभर चालताना बघायला मिळाली पाहिजे. तिकीट कंपन्यांत आर्किटेक्टच्या नावाखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात. एक म्हणजे निविदांना उत्तरं लिहिणं: सादरीकरणं, आराखडे, 'मान्य'च्या खुणा. दुसरं, ती उत्तरं खरी करून दाखवणं. पहिल्यात प्रवास भरपूर, ओळखी भरपूर, पण तुमच्या निर्णयाचे परिणाम तुम्ही कधी बघत नाही. काम मिळालं की तुम्ही पुढच्या निविदेवर. तीन वर्षं तेच केलंत तर मित्रांचं भाकीत खरं ठरेल.

म्हणून मुलाखतीत उलटे प्रश्न विचारा. मला ज्या प्रकल्पावर घेताय तो कुठल्या टप्प्यात आहे? सुरू झाल्यावर रात्री काही बिघडलं तर हाक कोणाला जाते, माझ्या टीमला की वेगळ्या आधार विभागाला? गाडीतल्या रीडरचं सॉफ्टवेअर तुमचं की बाहेरून घेतलेलं? यंत्रणा बंद पडल्याची मागची मोठी घटना कोणती आणि त्यानंतर काय बदललंत? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा तपशिलात शिरला तर ती जागा चांगली. 'आमच्याकडे तसं काही होत नाही' म्हणाला तर आभार मानून बाहेर पडा. प्रयोगशाळा बघायला मागायलाही लाजू नका. टेबलावर खरे रीडर, खरी गेटं, तारा लोंबताहेत, कोणीतरी हातात कार्डांची चवड घेऊन टॅप करतंय, असं दिसलं तर त्यांना आपल्या कामाची जाण आहे.

रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत सेवांचे तुकडे पाडण्याचा, संदेशवाहिन्या बदलण्याचा उत्साह आवरा. तो कोड वाईट दिसतो त्याला बहुधा कारण असतं, आणि ते कारण निवृत्तीला आलेल्या एका माणसाच्या डोक्यात असतं. त्याला शोधा. पहाटे गाड्या बाहेर पडतात तेव्हा एकदा आगारात उभे राहा. चालक रीडर चालू करतो, मार्गाचा क्रमांक टाकतो, कधी घाईत चुकीचा टाकतो. त्या एका चुकीने पुढची तासभर भाडी चुकतात, ॲप चुकतं, थांब्यावरचा फलकही चुकतो. पडद्यावर कोणती बटणं किती मोठी असावीत हा आर्किटेक्टचा विषय नाही असं वाटत असेल, तर ते वाटणं तिथे दहा मिनिटांत जातं. एखादा दिवस नियंत्रण कक्षात काढा. तिथली माणसं तुमच्या यंत्रणेवर विश्वास ठेवतात की शेजारी वही ठेवून तिच्यातच लिहितात, हे बघा. वही असेल तर ती वाचायला मागा. त्या वहीत तुमच्या पुढच्या दोन वर्षांची कामं लिहिलेली असतात.

वाईट बाजूही ऐका. सुरू करण्याची तारीख बहुतेक वेळा तुम्हाला विचारून ठरत नाही. ती आधी जाहीर होते, मग आराखडा तिच्यात कोंबतात. बदल करायला मिळतात ते शेवटची गाडी आत आल्यापासून पहिली बाहेर पडेपर्यंतचे थोडेसे तास, आणि जिथे रात्रभर सेवा आहे तिथे तेही नाहीत. तुम्ही आज सुचवलेली गोष्ट रस्त्यावर दिसायला तीन वर्षं लागतील. तोवर संस्थेतला तुमच्या बाजूचा अधिकारी बदललेला असेल, आणि नवीन माणसाला तुम्ही तेच सगळं पहिल्यापासून समजावाल. ज्याला आठवड्याला नवं काही सोडल्याशिवाय झोप लागत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. तुमचं पत्र वाचून तुम्ही त्यातले वाटला नाहीत.

तिसरा प्रश्न, परतीच्या वाटेचा. पाच वर्षांनी तुमच्याकडे बँक कार्डांच्या भरण्याचा अनुभव असेल, जोडणी तुटली तरी चालणाऱ्या हजारो यंत्रांचा असेल, उशिरा आलेल्या घटनांवरून हिशेब परत करण्याचा असेल. मालवाहतूक, वीज वितरण, विमानतळ, भरणा कंपन्या, सगळ्यांना हेच हवं असतं. फक्त स्वतःची ओळख 'तिकीटवाला' अशी करून देऊ नका, कामाचं नाव घ्या. एकच सावधगिरी: कंपनीच्या आतल्या खास भाषेत आणि खास साधनांतच सगळी वर्षं घालवू नका. या क्षेत्रातल्या काही कंपन्यांची घरगुती तंत्रं बाहेर कोणी ओळखत नाही.

उलट, क्षेत्रातच राहिलात तर जग लहान आहे. पुरवठादार मोजके, सल्लागार मोजके, तीच माणसं खुर्च्या बदलून पुन्हा भेटतात. आज ज्याला निविदेत फसवलंत तो उद्या तुमचा वरिष्ठ असू शकतो. नाव कमवायची सगळ्यात सरळ जागा म्हणजे मानकांची कामं. जीटीएफएसमधले बदल गिटहबवर उघड चर्चेने आणि मतदानाने होतात, कोणीही प्रस्ताव मांडू शकतो. जरा वाचून, नीट उदाहरण देऊन, एखाद्या प्रस्तावातली खरी खोच दाखवलीत तर तुमचं नाव अशा लोकांपर्यंत पोचतं जे एरवी तुमचा अर्ज उघडणार नाहीत. युरोपीय मानकांच्या समित्या संथ आणि कागदाळ आहेत, पण तिथे बसलेल्या माणसांना पुढच्या दहा वर्षांत काय येणार ते आधी कळतं.

आणि मग चार-पाच वर्षांनी परिवहन संस्थेचं दार पुन्हा ठोठवा. पगार तेव्हाही कमीच असेल, त्याची तयारी आतापासून ठेवा. कर्जाचे हप्ते आजच्या पगारावर ताणून बसवू नका, नाहीतर वेळ येईल तेव्हा मन तिकडे असेल आणि पाय इकडे. तेव्हा पगारावर घासाघीस करू नका, वेतनश्रेणी तुमच्यासाठी हलणार नाही. घासाघीस करा ती अधिकारावर: तांत्रिक कलमांवर शेवटची सही कोणाची, तुमचा नकार कोण फिरवू शकतो, आणि पुरवठादाराच्या बिलाला तुमची मान्यता लागते का. ही तीन उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर ती जागा सल्लागाराची आहे, आर्किटेक्टची नाही.

मुलाखतीला अजून वेळ आहे असं दिसतं. तोवर कुठल्याही शहराची जीटीएफएस फीड उतरवून घ्या. शेकड्यांनी खुल्या आहेत. चोवीसच्या पुढच्या वेळा शोधा. ज्या थांब्यांना ते ज्याचा भाग आहेत ते स्टेशन जोडलेलं नाही असे थांबे मोजा. आठवड्याने तीच फीड पुन्हा उतरवा आणि फेऱ्यांचे क्रमांक किती टिकले ते ताडून बघा. जे सापडेल ते एका पानावर लिहून मुलाखतीला घेऊन जा, आणि तुमच्या अनुभवाविषयी विचारतील तेव्हा आधी ते पान पुढे करा.